ओठांपासून कंठापर्यंत

मराठी वर्णमालेचा तक्ता कंठापासून सुरू होतो. क-वर्ग कंठात, च-वर्ग टाळूशी, ट-वर्ग मूर्धेशी, त-वर्ग दातांशी आणि प-वर्ग ओठांवर, असा श्वासाचा आतून बाहेर होणारा प्रवास त्यात मांडलेला असतो. ध्वनी तोंडात कोठे घडतो याचा इतका बारीक विचार ज्यांनी प्राचीन काळी केला, त्यांच्याविषयी मला शाळेत असल्यापासून आदर वाटत आला आहे. घरात बोलू लागलेले मूल असले, की मात्र हाच तक्ता उलट्या दिशेने वाचला जाताना ऐकू येतो. आधी ओठ येतात आणि बाबा, मामा, मम्मं, पापा एवढ्यावर सगळा संसार चालतो. मग जिभेचा शेंडा दातांना लागू लागतो आणि ताता, दादा, नाना ही मंडळी घरात येतात. क आणि ग बऱ्याच उशिरा उगवतात, आणि र, ळ, ण यांची वाट तर घरादाराला वर्ष-दोन वर्षे पाहावी लागते. रोमन याकोबसन या भाषाशास्त्रज्ञाने मुलांच्या ध्वनींचा असा क्रम १९४१ मध्ये मांडला होता. त्याच्या मांडणीला पुढे पुष्कळ अपवाद सापडले आणि प्रत्येक मूल आपापल्या वाटेने जाते हेही दिसून आले, पण ओठ व दात आधी आणि कंठ मागाहून, हा ढोबळ क्रम अनेक भाषांतील घरांत आढळतो.

आता कोणी म्हणेल, की तीन महिन्यांचे बाळसुद्धा ‘अग्गू’ म्हणते, आणि त्यातला ग तर कंठातलाच असतो. ते खरे आहे. उताणे निजलेल्या तान्ह्या बाळाची जीभ मागे झुकलेली असते आणि त्या वयात असे मागचे आवाज सहज निघतात. पण ते निव्वळ आवाज असतात. अमुक वस्तूसाठी अमुक ध्वनी ठरवून, हवा तेव्हा तो काढणे हे वेगळेच काम आहे, आणि त्या कामाला लागल्यावर बाळ पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे ओठांपासून, सुरुवात करते. हे काम किती पद्धतशीर असते आणि ऐकणाऱ्याने ते किती गांभीर्याने घ्यावे, हे सांगण्यासाठीच मी लिहायला बसले आहे.

आम्ही गोव्यात माशेलला राहतो. मी घरी बसून मराठी पुस्तकांचे आणि स्मरणिकांचे मुद्रितशोधन करते, त्यामुळे माझा दिवस ऱ्हस्व-दीर्घ तपासण्यात जातो. घरात मी आणि माझे यजमान मराठी बोलतो, वाचतो, लिहितो. सासूबाई आणि सासरे आपसांत कोकणी बोलतात, भजन मात्र मराठीतच म्हणतात. गोव्यातील पुष्कळ घरांची ही रीत आहे आणि तिच्यात कोणालाच काही वेगळे वाटत नाही. दाराशी पाव घेऊन येणारा पोदेर, मासळी घेऊन येणारी नुस्तेकान्न, नारळ पाडायला येणारा पाडेली, हे सगळे कोकणीत बोलतात. या सगळ्यांच्या मधोमध आमची अडीच वर्षांची मुलगी आहे. तिचे नाव कागदोपत्री वेगळे असले तरी घरात आणि वाड्यावर ती ‘बाय’च आहे.

बायच्या बोलण्यात पहिल्यांदा मला जी शिस्त दिसली, ती क आणि त यांची. ती काकाला ‘ताता’ म्हणे, काजूला ‘तादू’, कावळ्याला ‘तावया’. गाय ‘दाय’ झाली होती आणि गणपती ‘दनपती’. यात एकही शब्द वाटेल तसा मोडलेला नव्हता. कंठातला क तिला जमत नव्हता, म्हणून तिने तो त्याच घडणीच्या, पण दातांशी येणाऱ्या त वर आणून ठेवला होता; आणि क जर त वर आला तर ग हा द वरच यायला हवा, हेही तिने तंतोतंत पाळले होते. वर्णमालेच्या तक्त्यात क च्या खाली ज्या घरात त आहे, ग च्या खाली त्याच घरात द आहे. तो तक्ता तिने कधी पाहिलेला नव्हता.

महाप्राणांचेही तसेच. भ, घ, ध यांत आवाज आणि श्वासाचा झोत एकाच वेळी सांभाळावा लागतो. तेवढी सवड नसल्यामुळे बायने सगळे महाप्राण सरसकट अल्पप्राण करून टाकले. त्यातून घरात एक मोठा प्रसंग घडला. एका संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी राहून “बूत लादली, बूत लादली” असे रडवेल्या आवाजात म्हणू लागली. सासूबाई देवापाशी दिवा लावत होत्या. दिवेलागणीच्या वेळी नातीच्या तोंडून भुताचे नाव ऐकून त्या तशाच उठल्या. “भूत? खंयचें भूत गो बाय?” असे विचारत त्यांनी तिला उचलून घेतले आणि “ताका दिश्ट लागल्या दिसता” म्हणून मीठ आणि सुक्या मिरच्या मुठीत घेऊन दृष्टही काढली. बाय शांतपणे सगळे पाहत राहिली आणि मिरच्या चुलीत तडतडल्यावर पुन्हा आजीला म्हणाली, “माय, बूत.” या वेळी तिने पोटावर हात ठेवला होता. पेज वाढल्यावर ती दोन घासांत हसू लागली. भूक आणि भूत हे दोन्ही शब्द तिच्या तोंडी एकच होत असले, तरी तिच्या मनात त्यांची गल्लत मुळीच नव्हती. आम्हाला तो शब्द एकट्याने पुरेसा नाही हे लक्षात येताच तिने हाताची मदत घेतली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

गाडी आणि दाढी हेही असेच एकावर एक आले होते. ‘आजोची दादी’ म्हणजे सासऱ्यांची जुनी गाडी, की त्यांची पांढरी दाढी, हे तिने बोट कोठे दाखवले आहे यावरून ठरवावे लागे. र आणि ळ या दोघांच्या जागी तिने य बसवला होता, त्यामुळे केळे ‘तेये’ झाले आणि बाळ हा शब्द ‘बाय’ झाला, म्हणजे तिच्या स्वतःच्या नावाशी जाऊन मिळाला. माशेलच्या देवकीकृष्ण मंदिरात कृष्ण एकटा नाही, देवकीजवळ आहे. आईसह असलेला बाळकृष्ण पुजला जाणे हे विरळा म्हणून लोक लांबून दर्शनाला येतात. तेथे गर्भगृहासमोर मी तिला कडेवर घेऊन उभी होते, तेव्हा तिने आधी मूर्तीकडे आणि मग माझ्याकडे पाहून “आई, बाय” असे म्हटले. ती बाळ म्हणाली, की स्वतःचे नाव घेऊन ‘ही तर मीच’ असे म्हणाली, ते मी ठरवायला गेले नाही. दोन्ही अर्थ तिच्या बाजूने बरोबर होते.

काही शब्दांत तिने एका व्यंजनाला दुसऱ्याच्या रंगात रंगवले होते. टोपी ‘पोपी’ झाली, कारण पुढे प येणार हे जिभेला आधीच ठाऊक असल्यामुळे ओठ अगोदरच मिटले. बांगडा उलट्या दिशेने ‘बाबदा’ झाला, म्हणजे आधीच्या ब ने मागून येणाऱ्या ग ला आपल्यासारखे केले. काही शब्दांत अक्षरांनी जागा बदलल्या. चमचा ‘मचचा’ आणि मोबाइल ‘बोमाइल’. लांब शब्दांतले पहिले, बिनजोराचे अक्षर ती सोडून देई, त्यामुळे रस्त्यावरून जाणारी कदंबाची बस ‘दंबा’ झाली. आणि पोदेराला तर तिने त्याच्या सायकलच्या भोंग्यावरून ‘पों’ हेच नाव दिले. सकाळी भोंगा वाजला, की ती अंथरुणातूनच “पों आला” म्हणून जाहीर करी. उंडे, पोळी हे पावही पों आणि ते आणणारा माणूसही पों. एका शब्दात एवढे सामावून घेण्याची ही पद्धत पहिल्या पन्नासेक शब्दांच्या काळात पुष्कळ मुलांत दिसते. वर्षाच्या आसपास पहिला शब्द, दीड वर्षाच्या सुमारास पन्नासेक शब्द आणि दोन वर्षांच्या आगेमागे दोन शब्दांची जोडणी, असा साधारण हिशेब आहे. पन्नास शब्दांत सगळे जग सांगायचे तर प्रत्येक शब्दाला जास्तीचे काम करावेच लागते.

या सगळ्या काळात बायची सर्वांत चांगली शिक्षिका कोण होती, असे मला विचारले, तर मी आमच्या नुस्तेकान्नीचे नाव घेईन. ती टोपली पायरीवर उतरवते, वरचे ओले फडके बाजूला सारते, आणि बाय तिच्यासमोर उकिडवी बसते. बाय म्हणे, “बाबदे.” ती म्हणे, “बांगडे गो बाय, बांगडे आसात. पळय, दोळे पळय कशे तांबडे.” बाय बोट लावून म्हणे, “तुंतां.” ती म्हणे, “सुंगटां व्हय, व्हडलीं सुंगटां.” त्या बाईने एकदाही “असे म्हणायचे नाही” असे म्हटले नाही, एकदाही ‘बाबदे’ हा शब्द परत करून हसली नाही, आणि एकदाही मुलीचे बोलणे अर्धे तोडले नाही. मुलीला काय म्हणायचे आहे ते तिला कळले आणि ते कळल्याची पावती तिने बरोबर उच्चारात दिली, वर एक नवी गोष्टही दाखवली: बांगड्याचा डोळा, कोळंबीच्या लांब मिशा, माणकीच्या अंगातली काळी शाई. मुलाशी बोलण्याची हीच पद्धत योग्य असे बालभाषेचे अभ्यासक सांगतात. मुलाचा शब्द चूक म्हणून परत करायचा नाही, तो आपल्या वाक्यात दुरुस्त होऊन सहज यावा. आमच्या पायरीवर हे कोणीही न शिकवता चालले होते. भाव करताना ती माझ्याशी कितीही कडक वागली, तरी मुलीच्या प्रश्नाला तिने नेहमी आधी उत्तर दिले आहे.

मूल चुकीचे बोलते म्हणून ते चुकीचे ऐकते, असा आपला समज असतो. तो खोटा आहे, आणि याचे एक छान उदाहरण जीन बर्को आणि रॉजर ब्राउन यांनी १९६० मध्ये नोंदवले आहे. एक मूल आपल्या खेळण्यातल्या माशाला फिश ऐवजी ‘फिस’ म्हणत होते. मोठ्या माणसाने “हा तुझा फिस का?” असे विचारल्यावर मूल नाही म्हणाले, “हा तुझा फिश का?” म्हटल्यावर लगेच हो म्हणाले, आणि तो शब्द पुन्हा ‘फिस’ असाच उच्चारला. आमच्याकडे हाच संवाद कावळ्यावरून झाला. माझा दीर तिला खेळवताना म्हणाला, “बाय, तो बघ तावया.” तिने भुवया आकसल्या आणि ठामपणे म्हणाली, “तावया नाई. तावया!” त्याने पुन्हा ‘तावया’ म्हटल्यावर तिला रडू कोसळले. त्याने ‘कावळा’ म्हटल्यावर ती शांत झाली आणि मान डोलावून म्हणाली, “तावया.” तिच्या कानात कावळा पूर्ण होता, क सकट आणि ळ सकट. जीभ तेथपर्यंत पोहोचली नव्हती एवढेच. म्हणूनच मुलाशी त्याच्या बोबड्या उच्चारात बोलणे मला पटत नाही. त्याला ते आपले बोलणे वाटत नाही. आपल्याला नीट येत असूनही आपण मुद्दाम बिघडवतो आहोत, हे त्याला ऐकू येते.

कानाची ही तयारी किती आधी सुरू होते, याविषयी कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी केलेला एक प्रयोग आपल्याला विशेष जवळचा वाटावा असा आहे, कारण त्यात त आणि ट आहेत. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील तान्ह्या मुलांना त्यांनी हिंदीतील दंत्य आणि मूर्धन्य ध्वनी ऐकवले. ध्वनी बदलला, की मान वळवायची, म्हणजे एक खेळणे हलताना दिसते, एवढे मुलांना सवयीने कळले होते. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक मुलांनी त आणि ट मधला फरक ओळखला. त्यांच्या आईवडिलांच्या भाषेत हा फरक नव्हता, तरीही ओळखला. दहा ते बारा महिन्यांच्या मुलांत मात्र ती क्षमता जवळपास ओसरली होती, आणि ज्या मुलांच्या घरी हिंदी बोलली जात होती त्यांच्यात ती टिकून होती. हा अभ्यास १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. याचा अर्थ, एक शब्दही न बोलणारे, पाळण्यात हातपाय हलवणारे मूल घरातले बोलणे ऐकून आपल्या भाषेचे ध्वनी कोणते ते पक्के करत असते. सासूबाई पाळण्याशी बसून तासन्‌तास कोकणीत गप्पा मारत, तेव्हा घरी येणाऱ्या काहींना ते नवल वाटे, कारण उत्तर तर मिळत नव्हते. उत्तर वर्षभराने मिळू लागले.

येथे मला दोन भाषांविषयी थोडे स्पष्ट लिहायचे आहे, कारण गोव्यातील आयांना या बाबतीत बरेच ऐकून घ्यावे लागते. “एक भाषा धरा, नाहीतर मूल गोंधळेल” असे आम्हालाही अनेकांनी सांगितले; एका शिशुवर्गात चौकशीला गेलो असता घरीही आतापासून इंग्रजीच बोला असा सल्ला मिळाला. दोन भाषा ऐकणारी मुले बोलण्याचे टप्पे साधारण त्याच वयात गाठतात. त्यांचा शब्दसाठा एकाच भाषेत मोजला तर तो कमी भासतो. दोन्ही भाषांतले शब्द एकत्र मोजले म्हणजे खरा आकडा कळतो. बाय पाण्याला ‘पाई’ म्हणे आणि उदक हा शब्दही तिला समजे, पण बोलायला ती सोपा तोच घेई. कुत्र्यासाठी मात्र तिने आजीचा ‘सुणें’ पत्करला, कारण कुत्रा या शब्दात क आहे, जोडाक्षर आहे, आणि त्यात पुन्हा र आहे. दोन भाषांतून जिभेला झेपेल तो शब्द निवडणे याला गोंधळ म्हणता येत नाही. आणि कोणाशी काय बोलायचे हेही तिला लवकर कळले. आजीजवळ ‘जाय’ आणि माझ्याजवळ ‘पायदे’, म्हणजे पाहिजे, ही वाटणी तिने दोन वर्षांच्या आतच केली होती.

कधी कधी मात्र दोन भाषा एकमेकींच्या पायात येत, आणि ते फार गोड असे. खा-खाल्ला, बस-बसला, पड-पडला हे ऐकून बायने भूतकाळाचा नियम स्वतः शोधून काढला होता. तो नियम तिने जा या धातूला लावला आणि वडील कामाला निघून गेल्यावर म्हणाली, “बाबा जाला.” सासूबाईंच्या कोकणीत ‘जालो’ म्हणजे ‘झाला’. त्यांनी विचारले, “बाबा कितें जालो गो?” बायने पुन्हा दाराकडे हात करून सांगितले, “जाला!” मराठीत गेला आणि आला हे भूतकाळ धातूशी मेळ न ठेवणारे आहेत, ते नियमाने मिळत नाहीत, केवळ ऐकून लक्षात ठेवावे लागतात. गंमत अशी, की दीड वर्षाची असताना बाय ‘बाबा देला’ असे बरोबर म्हणत होती, ग चा द झालेला असला तरी. नियम सापडल्यावर ती ‘जाला’ म्हणू लागली आणि पुढे पुन्हा ‘गेला’ वर आली. मधले रूप चुकीचे होते, पण पुढच्या पायरीवरचे होते. कारण ‘जाला’ हा शब्द तिने आमच्यापैकी कोणाकडूनही या अर्थाने ऐकलेला नव्हता, तो तिने बनवला होता. ‘केला’ ऐवजी ‘करला’ म्हणणारे कोणतेही मराठी मूल हेच करत असते.

लिंगाचेही तसेच झाले. कोकणीत लहान मुलीला ‘तें’ म्हणतात. सासूबाई तिच्याविषयी बोलताना “तें जेवलें, तें न्हिदलें” असे म्हणतात. मी ‘ती जेवली’ म्हणते, आणि बाळ म्हणून बोलताना मीही ‘बाळ जेवलं’ म्हणतेच. त्यामुळे बायने स्वतःला नपुंसकलिंगी ठरवले होते आणि ती “मी आलं, मी पडलं” असे सांगे. मग हा मान तिने आजीलाही दिला. “माय आलं!” असे ती दारातून ओरडली, की सासूबाई हसत म्हणत, “आयलें गो बाय, आयलें.”

आपण मोठी माणसे मुलांसाठी जी वेगळी बोली वापरतो, चिऊ, काऊ, माऊ, हम्मा, मम्मं, भूर, गाई, तिच्याकडे अभ्यासकांनीही गंभीरपणे पाहिले आहे. चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९६४ मध्ये सहा भाषांतील बाळबोलीची तुलना केली, त्या सहांत मराठी होती. आणि त्याच वर्षी अशोक केळकर यांनी मराठी बाळबोलीवर स्वतंत्र लेख लिहिला. ही बोली मुलाच्या बोबड्या उच्चारांची नक्कल नाही. ती पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली, ओठांच्या ध्वनींनी आणि द्विरुक्तीने भरलेली, पहिल्या काही वर्षांपुरती पायरी आहे, आणि मूल वर चढले की ती आपोआप मागे पडते.

बोलणे स्पष्ट व्हावे म्हणून आमच्याकडे वेखंड सहाणेवर उगाळून मधातून चाटवण्याची पद्धत आहे. वेखंडाला संस्कृतात ‘वचा’च म्हणतात. सासूबाईंनी सहाण काढली तेव्हा आमच्या डॉक्टरांनी वर्षाच्या आतील बाळाला मध मुळीच द्यायचा नाही असे बजावले, कारण मधातील जंतूंपासून तान्ह्या मुलांना गंभीर विषबाधा होऊ शकते. सासूबाईंनी ते लगेच मानले आणि सहाण फडताळात परत गेली. ज्या गोष्टीकडे खरोखर लक्ष ठेवायला हवे ती म्हणजे कान. आवाजाकडे मूल वळत नसेल, दीड वर्षापर्यंत एकही शब्द येत नसेल, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जुळत नसतील किंवा येत असलेले बोलणे थांबले असेल, तर “बोलेल हळूहळू” म्हणत बसू नये. आधी श्रवणतपासणी करून घ्यावी. उच्चार बोबडे असणे ही वेगळी बाब आहे. दोन वर्षांच्या मुलाचे निम्मेच बोलणे परक्याला कळते, तीन वर्षांच्या मुलाचे तीन चतुर्थांश, आणि चार वर्षांपर्यंत बहुतेक सगळे, असा ठोकताळा आहे.

पाहुणे आले, की मुलाला पुढे उभे करून “म्हण बघू हेलिकॉप्टर” असे म्हणायला लावण्याची आपल्याकडे फार हौस असते. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, आमचे घर भरलेले असते. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधून झालेली असते, मुलीबाळी फुगड्या घालत असतात, आणि कोणीतरी बायला मध्ये घेऊन “दनपती बाप्पा मोया” पुनःपुन्हा म्हणून घेतो. पहिल्यांदा ती आनंदाने म्हणाली. दुसऱ्यांदाही म्हणाली. तिसऱ्यांदा सगळे तोंड लपवून हसताहेत हे तिने पाहिले आणि ती माझ्या पदराआड आली. त्यानंतर आरतीच्या वेळी सगळे गजर करत असताना ती ओठ मिटून उभी होती. मला त्या वेळी फार वाईट वाटले. मुलाच्या शब्दांवर आनंदाने हसणे आणि मुलाला हसणे यांतला फरक दोन वर्षांच्या मुलालाही अचूक कळतो. घरात एखादा बोबडा शब्द प्रेमाने राहून गेला, तर त्यात मला काहीच गैर वाटत नाही; धाकट्या भावंडाने बिघडवलेले नाव साठीपर्यंत मिरवणाऱ्या किती तरी ताई आणि अण्णा आपण पाहतो. आमच्याकडेही ‘मचचा’ टिकेल असे दिसते. पण त्याची वेळ मुलाने तो शब्द मागे टाकल्यानंतरची असते.

कारण ते शब्द मागे पडतात, आणि किती झपाट्याने! याच पावसाळ्याच्या सुरुवातीला बायच्या तोंडात क आला. आदल्या दिवशी ‘ताता’ असलेला काका एकदम ‘काका’ झाला. त्या नव्या क चा तिला इतका हर्ष झाला, की तो तिने जेथे नको तेथेही लावला: ताट ‘काट’ झाले, तांदूळ ‘कांदू’ झाले, आणि चांगला येत असलेला ताई हा शब्दही काही काळ ‘काई’ होऊन बसला. हळूहळू क आणि त आपापल्या जागी गेले. मी हे सगळे एका वहीत टिपून ठेवते. देवनागरीत बालभाषा लिहिणे बरेच सोयीचे आहे, तरीही तिच्या तोंडात त आणि ट यांच्या मधला एक ध्वनी होता, त्याला अक्षर सापडेना. मी त च्या खाली टिंब देऊन काम भागवले. छापील मजकुरात एक वेलांटी चुकली तर मला चैन पडत नाही. या वहीत मात्र जसे ऐकले तसेच लिहायचे, हा नियम मी कसोशीने पाळते, आणि प्रत्येक शब्दापुढे तो तिने कोणाशी बोलताना आणि कशाकडे पाहत म्हटला तेही लिहिते, कारण त्यावाचून ‘दादी’ म्हणजे गाडी की दाढी हे पुढे मलाही सांगता येणार नाही.

आता र च्या जागी य जाऊन ल आला आहे, म्हणजे र जवळ आला आहे. ळ अजून दूर आहे. वाक्ये मात्र लांबली आहेत. आषाढात देवकीकृष्णाच्या प्रांगणात चिखलकालो खेळायचा असतो, त्या सकाळी सासरे छत्री न घेताच बाहेर निघाले, तेव्हा बाय पायरीवर त्यांना आडवी उभी राहिली आणि म्हणाली, “आजो, भायल वचू नको, पाऊस येतलो.” पहिला आणि शेवटचा तुकडा आजीचा, मधला ‘नको’ माझा. ते परत वळले, खुंटीवरची छत्री घेतली आणि तिला म्हणाले, “येतलो म्हण्टा? मागीर तूंय यो.” ती चपला शोधायला धावली. वहीत मी त्या दिवसाच्या पानावर हे वाक्य लिहिले आहे, आणि त्याखाली, चपला पायात घालताना ती काय म्हणाली तेही: “मी आले.”